ताडून वाचलेली राजकन्या: ग्रीक पुराणांवरची जुनी कॉमिक्स पुन्हा कशी वाचावीत

तीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. मूळ प्रत एका हाताला, प्रूफ दुसऱ्या हाताला आणि नजर दोन्हींमध्ये ये-जा करत राहते. सुरुवातीच्या काळात आम्ही हे काम जोडीने करायचो. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर पेन्सिल ठेवून बसायचा. ग्रीक पुराणकथांवर उभी असलेली जुनी सुपरहिरो कॉमिक्स पुन्हा वाचायची तर याच रीतीने वाचावीत, असं मला मनापासून वाटतं. या कॉमिक्सना मूळ प्रत असते. ती शेजारी ठेवली की कुठे शब्द बदलला, कुठे ओळ गाळली, कुठे नवीन घातली ते दिसू लागतं, आणि वाचनाची खरी मजा तिथून सुरू होते.

माझं उदाहरण वंडर वुमनचं, म्हणजे ॲमेझॉन या लढवय्या बायकांची राजकन्या डायना हिचं आहे, आणि तेही चित्रकार-लेखक जॉर्ज पेरेझने १९८७ पासून केलेल्या वंडर वुमनचं. कॉलेजात असताना मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला या मालिकेचा बारावा अंक मिळाला होता, मुखपृष्ठ फाटलेला. आधीचे अकरा अंक कुठे मिळणार? तोच एक अंक मी इतक्यांदा वाचला की त्याच्या पिना सुटल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी पहिल्या चौदा अंकांचं एकत्रित पुस्तक हाती आलं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी चौदा वर्षांची भाची राहायला आली, तेव्हा आम्ही दोघींनी ते ताडून वाचलं. खाली लिहिलंय ते त्या दहा-बारा संध्याकाळींतून आलेलं आहे.

आधी वाचायचा तुकडा ठरवा. वंडर वुमन १९४१ च्या अखेरीस आली आणि अजून चालू आहे. सगळं वाचायला घेतलंत तर तिसऱ्या आठवड्यात पुस्तक मिटेल. पेरेझचे पहिले चौदा अंक घ्या. त्यात दोन मोठ्या कथा आहेत. पहिल्या सात अंकांत युद्धदेव एरीसशी सामना आहे आणि दहा ते चौदामध्ये खुद्द देवांचा राजा झ्यूस याचा हट्ट आहे. जोडीला दोनच जुन्या गोष्टी ठेवा: तिचा मूळ लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन आणि चित्रकार एच. जी. पीटर यांनी १९४१-४२ मध्ये सांगितलेली तिची जन्मकथा, आणि रॉबर्ट कॅनिगरने १९५९ मध्ये नव्याने सांगितलेली. एकाच मुलीच्या जन्माच्या तीन हकिकती टेबलावर आल्या की निम्मं काम झालं.

कॉमिक उघडण्यापूर्वी एक संध्याकाळ मूळ प्रतीला द्या. जाडजूड ग्रंथ वाचायची गरज नाही, दोन गोष्टी पुरतात.

पहिली, हेराक्लीसच्या (म्हणजे हर्क्युलीसच्या) बारा अवघड कामांपैकी नववं काम. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या संग्रहात ती अशी आहे. राजा युरिस्थियसच्या मुलीला ॲमेझॉनांची राणी हिपोलिटा हिचा कमरपट्टा हवा असतो. तो पट्टा तिला एरीसने दिलेला. ॲमेझॉन राहतात थेमिस्किरा इथे, थर्मोडॉन नदीच्या काठी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्यावर. हेराक्लीस जहाज लावतो, हिपोलिटा स्वतः भेटायला येते, कशासाठी आलास विचारते आणि पट्टा द्यायला कबूल होते. ते कबूल होणं लक्षात ठेवा. मग हेरा देवी ॲमेझॉनचं रूप घेऊन गावात आवई उठवते की परके लोक राणीला पळवून नेताहेत. बायका घोड्यांवर बसून शस्त्रांसह धावतात. हेराक्लीसला वाटतं हा दगा आहे. तो हिपोलिटाला मारतो आणि पट्टा घेऊन जातो.

दुसरी गोष्ट पँडोराची, प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने सांगितलेली. प्रॉमिथियसने माणसांसाठी आग चोरली म्हणून चिडलेला झ्यूस माणसांना शिक्षा द्यायचं ठरवतो. देवांचा लोहार हेफेस्टस माती आणि पाणी कालवून एक मुलगी घडवतो. अथीना तिला विणकाम शिकवते, ॲफ्रोडायटी मोहकपणा देते, हर्मीस तिच्यात लबाडी आणि गोड खोटं बोलणं भरतो. सगळ्या देवांनी काही ना काही दिलं म्हणून नाव पँडोरा. आणि ती माणसांकडे पाठवली जाते ती त्यांच्या नाशासाठी.

या दोन्ही गोष्टी एका फुलस्केप कागदावर दहा-पंधरा ओळींत, आपल्या शब्दांत लिहून काढा. भाचीने लिहिल्या, मी वाचून पाहिल्या. हा कागद म्हणजे आपली मूळ प्रत.

आता कॉमिक. पहिल्या फेरीत एक शब्दही वाचायचा नाही. मला हे फार जड गेलं, कारण अक्षर दिसलं की माझा डोळा तिकडेच जातो. पण पेरेझच्या बाबतीत ते करायलाच हवं. एका पानावर तो इतक्या चौकटी आणि चौकटीत इतकी माणसं बसवतो की संवादांचे फुगे वाचत गेलात तर चित्र नुसतं मागचा पडदा होऊन जातं. ऑलिम्पस बघा. त्याने देवांचं घर डोंगरावरचं संगमरवरी देऊळ म्हणून काढलेलं नाही. डच चित्रकार एशरच्या चित्रांसारखे जिने आहेत, कुणी सरळ उभं, कुणी उलटं, खांब कुठून निघतो आणि कुठे जातो पत्ता लागत नाही. शब्द न वाचता त्या पानावर पाच मिनिटं थांबा. देवांना वर आणि खाली असा भेद नाही, आणि म्हणूनच त्यांना खाली राहणाऱ्यांचं दुःख कळत नाही, हे मला त्या जिन्यांनी सांगितलं. संवादात ते फार नंतर येतं.

मोबाइलवर किंवा टॅबवर वाचत असाल तर एक एक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद ठेवा. पेरेझ संपूर्ण पान रचतो. वरच्या उभ्या चौकटीतला हात खालच्या आडव्या चौकटीकडे बोट दाखवत असतो. चौकट सुटी केली की ते बोट तुटतं. शक्य असेल तर छापील पान घ्या.

दुसऱ्या फेरीत शब्द, आणि तेही मोठ्याने. एकाने फुलस्केप कागद धरायचा, दुसऱ्याने कॉमिक वाचायचं, आणि मूळ कथेपासून गोष्ट जिथे वळेल तिथे कागदवाल्याने थांबवायचं. आम्ही पहिल्या अंकातच सतरा वेळा थांबलो. शब्दांकडे कान दिला तर लेखकाचा हात बदललेलाही कळतो. पहिल्या दोन अंकांच्या लेखनात ग्रेग पॉटर आहे, तिसऱ्यापासून संवाद लेन वाईनचे आहेत, आणि पुढे पेरेझ स्वतः लिहू लागतो. निवेदनाच्या पट्ट्या लांबलचक आहेत, त्या काळची ती रीत होती. त्या गाळू नका. श्वास पुरेल असं तोडून वाचा.

नावांचं आधीच ठरवून टाका. मी मार्स्टनची पानं वाचताना पेन्सिलीने खुणाच केल्या होत्या: ॲफ्रोडायटी ग्रीक, पण तिचा शत्रू मार्स रोमन. अथीना ग्रीक, मर्क्युरी रोमन. एकाच वाक्यात दोन्ही घरची माणसं. पेरेझने हे निवडून साफ केलं. मार्सचा एरीस झाला, मर्क्युरीचा हर्मीस, हर्क्युलीसचा हेराक्लीस. मग नायिकेचं नाव डायना कसं राहिलं? डायना ही तर रोमन शिकारदेवी, ग्रीकांची आर्टेमिस. इतकी काळजी घेणारा माणूस मुख्य पात्राच्या नावातच चूक ठेवील?

त्याचं उत्तर बाराव्या अंकात आहे. कॉमिकमधल्या ॲमेझॉनांच्या बेटावर पूर्वी एक अमेरिकन वैमानिक बाई विमानासह कोसळलेली असते, आणि ॲमेझॉनांसाठी लढताना तिचा जीव जातो. तिचं नाव डायना ट्रेव्हर. राजकन्येचं नाव तिच्यावरून ठेवलेलं आहे. अंगावरच्या पोशाखाचे अमेरिकी रंग आणि गरुडही तिच्याकडूनच आलेले, आणि जो वैमानिक पुढे बेटावर येतो तो स्टीव्ह हा तिचाच मुलगा. म्हणजे नाव देवीचं नाहीच, ते परक्यांसाठी मेलेल्या एका बाईचं आहे. फुटपाथवरून आणलेल्या त्या फाटक्या अंकात माझ्याकडे इतकी वर्षं उत्तर होतं आणि प्रश्न माहीत नव्हता.

तिसरी फेरी तक्त्याची. कागदावर चार रकाने आखा: पुराण, १९४२, १९५९, १९८७. आणि खाली वस्तू लिहा: कडी, दोर, माती, हेराक्लीस. जास्त वस्तू घेऊ नका.

कड्यांपासून सुरुवात करा, कारण पुराणाचा रकाना तिथे कोरा राहतो. मनगटावरची कडी मार्स्टनने आणली. त्याच्या कथेत हर्क्युलीसने ॲमेझॉनांना फसवून साखळदंडात घातलं होतं, आणि सुटल्यावर पुन्हा पुरुषांपुढे झुकू नये याची आठवण म्हणून त्यांनी कडी ठेवली. १९५९ च्या कथेत हा छळच जातो. तिथे ॲमेझॉनांचे नवरे आणि भाऊ लढाईत मेलेले असतात आणि बायका शोकाने बेटावर जातात. अत्याचाराच्या जागी वैधव्य आलं. हा बदल मी तक्त्यात लिहिला तेव्हा भाचीने विचारलं, "मावशी, मग त्यांच्यावर कुणी काही केलंच नाही?" १९८७ च्या रकान्यात ते सगळं परत येतं, आणि आधीपेक्षा उघडं. हेराक्लीस हरतो, मैत्रीचं नाटक करतो, मेजवानीत औषध घालतो, मागे एरीसची फूस असते. बेड्या तुटल्यावर हातात उरलेली ती कडी अंगावर ठेवायची, हा त्यांचा नेम होतो. आता पुढच्या प्रत्येक चौकटीत डायना गोळी अडवायला हात वर करते तेव्हा तुम्हाला तिच्या मनगटावर बेडीचा उरलेला तुकडा दिसेल. मला तो दिसायचा थांबतच नाही.

वंडर वुमनच्या हातातल्या दोराची ओळ झटपट भरते. मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता, रक्तदाबावरून खोटं ओळखायच्या चाचणीवर त्याने काम केलं होतं, म्हणून सगळे समजतात की दोर पहिल्यापासून सत्याचा. नाही. सुरुवातीला तो आज्ञा पाळायला लावणारा दोर होता. १९८७ मध्ये हेफेस्टस तो पृथ्वीदेवी गाया हिच्या कमरपट्ट्यातून घडवतो आणि सत्य हेच त्याचं काम होतं. आज्ञेपासून सत्यापर्यंत हा प्रवास मोठा आहे. एरीसशी लढाई कशी संपते ते याच नजरेने वाचा. डायना त्याला मारत नाही. दोरात अडकलेल्या युद्धदेवाला दिसतं की त्याला हवं असलेलं अणुयुद्ध झालं तर त्याची पूजा करायला कुणीच उरणार नाही. शीतयुद्धाच्या शेवटच्या वर्षांत, १९८७ मध्ये, वाचकांनी हे पान उघडलं होतं. तारीख पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

मातीवर मात्र पूर्ण एक संध्याकाळ खर्च करा. हिपोलिटा किनाऱ्यावर ओल्या मातीची बाळमूर्ती करते. डिमीटर बळ देते, अथीना शहाणपण, आर्टेमिस शिकाऱ्याची नजर आणि प्राण्यांशी नातं, हेस्टिया अग्नीशी बहिणीचं नातं, ॲफ्रोडायटी सौंदर्य आणि प्रेमळ मन, हर्मीस वेग आणि उडण्याची शक्ती. आता हेसिअडचा कागद शेजारी धरा. माती तीच. अथीना, ॲफ्रोडायटी आणि हर्मीस तेच. पण हर्मीसने पँडोराला खोटेपणा दिला होता, इथे तो पंख देतो. ॲफ्रोडायटीने तिथे पुरुषांना झुरायला लावणारं रूप दिलं, इथे ती मन देते. तिथे झ्यूसच्या रागातून शिक्षा म्हणून मुलगी घडली, इथे आईच्या ओढीतून. आणि झ्यूस देणाऱ्यांत नाहीच. हजारो वर्षं ज्या गोष्टीने जगातल्या सगळ्या दुःखाचं खापर पहिल्या बाईवर फोडलं, तीच गोष्ट तिच्याच मातीने उलटी लिहिलेली आहे. पान तसं साधं आहे, देवतांचे हात आणि एक बाळ. पँडोरा माहीत नसेल तर ते एक गोड चित्र वाटून पुढे जातं.

इथे मराठी वाचकाला सप्तशती आठवणारच: प्रत्येक देवाने देवीला आपलं शस्त्र दिलं ते. पार्वतीने मळातून घडवलेला गणपतीही आठवेल. आठवू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. साम्य सापडलं की आपण खूश होऊन पुस्तक मिटतो. फरक लिहा. देवीला शस्त्रं मिळतात, डायनाला स्वभाव मिळतो. भाचीने हा फरक स्वतः शोधला आणि कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला.

हेराक्लीसची ओळ सर्वांत कठीण. दहा ते चौदा अंकांत झ्यूसला डायना हवी असते आणि ती नकार देते. शिक्षा म्हणून तिला बेटाखालच्या दारातून राक्षसांमध्ये जावं लागतं. तिथे हेराक्लीस आहे, दगड झालेला, साऱ्या बेटाचा भार खांद्यावर घेऊन. तो सुटतो, क्षमा मागतो, आणि त्याला क्षमा मिळते. पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला याचा संताप आला होता. आता पन्नाशी उलटली तरी मी पेरेझशी सहमत नाही. ज्याने साखळ्या घातल्या त्याच्यासाठी मोकळ्या झालेल्या बायकांनी इतक्या लवकर हात पुढे करावा, हे मला पटत नाही. पण पुन्हा वाचताना मी हिपोलिटाचा चेहरा पाहिला, एक एक चौकट थांबून. ती क्षमा करताना त्याच्यासाठी करत नाही. तिला तो भार आता स्वतःच्या बेटाखाली नको आहे. पुराणातली हिपोलिटा पट्टा द्यायला कबूल झाली होती आणि तरी मेली. या हिपोलिटाला निदान निर्णय घ्यायला आयुष्य मिळालं. तुमचं मत वेगळं होऊ शकेल. ते त्या ओळीत तारखेसह लिहा, दहा वर्षांनी पुन्हा बघायला.

जुन्या अंकांमध्ये बोचणारंही बरंच आहे. युद्धकाळातल्या मार्स्टनच्या पानांवर जपानी माणसं ज्या तऱ्हेने काढली आहेत ती वंशद्वेषी आहेत. बायकांना बांधून ठेवण्याची चित्रं इतकी वारंवार येतात की दुर्लक्ष करता येत नाही. लहान मुलाबरोबर वाचत असाल तर ती पानं आधी स्वतः पाहून ठेवा, आणि मोठ्या मुलाबरोबर असाल तर पान न उलटता तिथे थांबून बोला. १९६८ मध्ये तिच्या शक्तीच काढून घेतल्या होत्या. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने तिला तिच्या मूळ पोशाखात मुखपृष्ठावर आणलं, आणि १९७३ मध्ये शक्ती परत आल्या. हे माहीत असलं की १९८७ चा पहिला अंक कुठल्या भांडणानंतर आला ते समजतं.

सुटे अंक जवळ असतील तर त्यांच्या कागदाची काळजी घ्या. वर्तमानपत्राचाच तो कागद, उजेडाने पिवळा पडतो आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओल धरतो. भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षर खातो. माझ्या बाराव्या अंकाच्या गंजलेल्या पिना मी काढल्या आणि पांढऱ्या दोऱ्याने दोन टाके घातले. तो आता पुस्तकाशेजारी उभा असतो.

चौदा अंक संपल्यावर लगेच पुढे जाऊ नका. पुन्हा पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर या. तिथे ॲमेझॉन नाहीत, ग्रीस नाही, देव नाहीत. आदिमानवाच्या काळातली एक गरोदर बाई आहे आणि तिला रागाच्या भरात मारणारा तिचा माणूस. अशाच मारल्या गेलेल्या बायकांचे आत्मे गायाच्या उदरात जमतात आणि त्यांतूनच ॲमेझॉन जन्मतात. ती पहिली बाई म्हणजे हिपोलिटा, आणि तिच्या पोटात राहून गेलेलं मूल म्हणजे डायना. मातीच्या बाळात जीव कुठून आला, ते त्या पहिल्याच पानावर काढून ठेवलेलं आहे.

शेवटच्या संध्याकाळी भाचीने ते पान उघडलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पेन्सिल घेतली आणि मातीच्या ओळीत, पुराणाच्या घराच्याही आधी, डाव्या समासात एक नवं घर आखलं.